मदत हवी आहे : स्कीइंगच्या जुन्या पोस्टरची परवडणारी, पण चांगली प्रत

नमस्कार मंडळी,

मी फ्रान्समध्ये ग्रनोबलला असते. मार्चमध्ये पुण्यात बाबांची पंचाहत्तरी आहे आणि त्यांना एक पोस्टर द्यायचं मनात आहे. दोन महिने शोधते आहे. एकदा पैसेही वाया गेले, म्हणून इथे विचारते.

बाबांची सगळी नोकरी छपाईत गेली. ऑफसेट मशिनवर हेल्पर म्हणून लागले, फोरमन होऊन निवृत्त झाले. गेल्या हिवाळ्यात इथे आले होते, तेव्हा दर शनिवारी लेकाच्या स्कीच्या शिकवणीला आमच्याबरोबर सें प्येर द शार्त्रूझला यायचे. ग्रनोबलहून जवळच आहे ते. कानटोपी, मफलर, थर्मासमध्ये चहा. उताराच्या पायथ्याशी बाकावर बसायचे आणि नातू पडला की उठून उभे राहायचे, तो पुन्हा उभा राहीपर्यंत.

त्याच गावाचं एक जुनं पोस्टर आहे, १९३०च्या सुमाराचं. चित्रकार रोजे ब्रोदेर. तेव्हाच्या पीएलएम रेल्वेने (पॅरिस-ल्यों-भूमध्यसागर) प्रवाशांनी डोंगरात यावं म्हणून अशी कितीतरी पोस्टरं करून घेतली, त्यातलं हे. गावाचं नाव वाचूनच बाबा हरखले होते.

नंतर आम्ही जुन्या पोस्टरांच्या एका दुकानात गेलो. तिथे ब्रोदेरचंच दुसरं एक अस्सल पोस्टर होतं. बाबांनी दुकानदाराला विचारून खिशातलं भिंग काढलं आणि बर्फावरच्या निळ्या सावलीवर धरलं. बराच वेळ वाकून बघत होते. मग म्हणाले, "यात डॉट नाहीत गं. निळा म्हणजे निळी शाईच आहे." मग त्यांनी मला समजावलं : ही लिथोची छपाई. प्रत्येक रंगाला वेगळा दगड किंवा जस्ताची प्लेट, आणि त्या त्या रंगाची घोटलेली शाई. आपल्या फोर कलरमध्ये सगळे रंग चार शायांच्या ठिपक्यांतून डोळ्याला भासवायचे असतात. मळवलीच्या रविवर्मा छापखान्याची देवादिकांची चित्रंही अशीच दगडावरची, हे सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

किंमत मात्र चार आकडी युरो. ते मला शक्य नाही.

म्हणून ऑनलाइन २४ युरोंना प्रत मागवली. आली ती बघून रडू आलं. पांढऱ्या बर्फाला पिवळट झाक, अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या, आणि खाली बारीक अक्षरात छापखान्याचं नाव असतं ती पट्टी सरळ कापून टाकलेली. बाबा सगळ्यात आधी तीच ओळ वाचतात. भिंग लावलं तर रंगीत ठिपक्यांची फुलंच फुलं.

अस्सल नको, पण बाबांनी भिंग लावलं तरी त्यांना वाईट वाटू नये, अशी प्रत सव्वाशे-दीडशे युरोंत होईल का? कुठल्या प्रकारची छपाई मागू? इथे करून नेऊ की पुण्यातच करू? आणि असं चित्र स्वतः छापून घेणं कायद्याने चालतं का?

शाईवाला :

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. ब्रोदेर १९५३ साली वारले. युरोपात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं हक्क राहतो, म्हणजे १ जानेवारी २०२४ पासून ही चित्रं मोकळी झाली. भारतात मुदत ६० वर्षं, ती त्याआधीच संपली. घरासाठी खुशाल छापा. पण प्रत्येक जुन्या पोस्टरला हे लागू नाही. स्विस पोस्टरकार हर्बर्ट माटरचं १९३५च्या सुमाराचं, स्वित्झर्लंडमधल्या पॉन्ट्रेसिना गावाचं पोस्टर, तो गॉगलवाला मोठा चेहरा, अजून हक्कात आहे, कारण माटर १९८४ला गेले.

आता छपाई. ऑफसेट नकोच. 'जिक्ले' मागा, म्हणजे पिगमेंट (बारीक रंगकणांच्या) शाईची इंकजेट छपाई, मॅट कॉटन कागदावर. ठिपके त्यातही असतात, पण फार बारीक आणि विखुरलेले. फुलं दिसणार नाहीत, फवारा मारल्यासारखं दिसेल. दगडासारखा सपाट रंग हवाच असेल तर स्क्रीन प्रिंटिंग. पण एका प्रतीसाठी, दर रंगाला एक अशा आठ-दहा स्क्रीन करणं तुमच्या बजेटमध्ये बसणार नाही.

खरी अडचण फाइलची आहे. या पोस्टरांचा मूळ आकार साधारण १०० बाय ६२ सेंटीमीटर. इंचाला १५० ठिपके धरले तरी लांब बाजूला ५,९०० पिक्सेल लागतात. तुमच्या २४ युरोंवाल्याने बहुतेक नेटवरची हजार-बाराशे पिक्सेलची फाइल ताणली असणार, अक्षरं त्यामुळेच विरघळली. चांगली स्कॅन नाही मिळाली तर आकार निम्मा करा, म्हणजे लांब बाजूला पिक्सेलही निम्मे पुरतात.

कोथरूडकर :

स्कॅनसाठी फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं 'गालिका' हे ऑनलाइन दालन बघा. तुम्ही ग्रनोबललाच आहात तर म्युझे दोफिन्वा या संग्रहालयातही विचारा, तिथे हिवाळी खेळांच्या इतिहासाचं कायमचं दालन आहे.

पुण्यात टांगणार म्हणून एक कळकळीने सांगते. फ्रेमवाल्याला सनबोर्डवर चिकटवू देऊ नका आणि लॅमिनेशन तर अजिबात नको. ॲसिड-फ्री माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) घाला, म्हणजे कागद काचेला टेकणार नाही. माझ्याकडचं एक चित्र काचेला टेकलेलं होतं, दोन पावसाळ्यांत बुरशी धरली आणि काढताना रंग काचेवर राहिला. बाहेरच्या भिंतीवर लावू नका, तिला ओल येते.

धागाकर्ती :

दोघांचेही मनापासून आभार. काल जेवणाच्या सुट्टीत इथल्या एका फोटो छापणाऱ्याकडे जाऊन आले. शाईवाला, तुम्ही सांगितलेले शब्द जसेच्या तसे सांगितले, तर त्याने लगेच कागदांचे नमुने पुढे ठेवले. चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या वरचा कॉटन कागद हातात घेतला तेव्हा वाटलं, बाबा आधी कोपरा चिमटीत धरून जाडी बघतील, मग चित्र. ५० सेंटीमीटर उंचीची प्रत ठरलेल्या पैशांत बसते आहे. संग्रहालयाला ईमेल केली आहे. स्कॅन कुठूनही मिळाली तरी खालची छापखान्याची ओळ शाबूत असेल तरच घेणार.

आधी पोस्टकार्डाएवढा तुकडा छापून बघणार आहे, त्यात बर्फातली निळी सावली आणि दोन अक्षरं येतील असा. शाईवाला, तो तुकडा कुठल्या उजेडात तपासायचा? बाबा प्रूफ नेहमी खिडकीशी नेऊन बघायचे, पण इथे सध्या संध्याकाळी पाचनंतर उजेडच नसतो. आणि एवढा जाड कागद नळीत गुंडाळून विमानाने नेला तर उलगडल्यावर परत सपाट होतो का, की भेगा पडतात? कुणी नेला असेल तर नळी किती रुंद घेतली तेही सांगा.