मदत हवी आहे : बाल्कनीत बिनमातीची भाजी – सुरुवात कोणत्या पद्धतीने करू?

नमस्कार मंडळी,

आम्ही पुण्यात वाघोलीच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावर राहतो. बाल्कनी पूर्वेची, नऊ फूट बाय चार फूट. ऊन सकाळी सात ते अकरा. खालच्यांच्या छताला ओल आल्यामुळे सोसायटीने मातीच्या कुंड्या काढायला लावल्या. सासूबाईंचं सगळं आयुष्य शेतात गेलं आहे. हाताशी हिरवं काही नसलं की त्यांना घर खायला उठतं. म्हणून हायड्रोपोनिक्स, म्हणजे मातीशिवाय खताच्या पाण्यावरची लागवड, करून बघायचं ठरवलंय, पण पद्धती इतक्या आहेत की पहिलं पाऊल कुठे टाकावं ते सुचत नाही.

वाचून मला समजलं ते असं. वात पद्धतीत खाली खताचं पाणी, वर कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) कुंडी आणि दोघांना जोडणारी जाड वात. समईतल्या तेलासारखं पाणी आपोआप वर चढतं. क्रॅटकी पद्धतीत झाकणाच्या डब्यात खताचं पाणी एकदाच भरायचं आणि झाकणाला भोक पाडून जाळीच्या कपात रोप बसवायचं. पंप नाही. डीप वॉटर कल्चर जवळपास तसंच, फक्त पाण्यात एअर पंपाने सतत हवा सोडायची. एनएफटीमध्ये उतारावर ठेवलेल्या पाइपांतून पाण्याचा पातळ थर फिरत राहतो. एका पद्धतीत ट्रे ठरावीक वेळाने पाण्याने भरतो आणि रिकामा होतो. आणि एक ठिबकची. ती सासूबाईंना लगेच कळली, गावाकडे डाळिंबाला ठिबकच आहे.

एका दुकानदाराने ३६ रोपांचं एनएफटी किट सुचवलंय, नऊ-दहा हजारांना. ते घ्यावं का? आमच्याकडे वीज अधूनमधून जाते, उन्हाळ्यात जरा जास्तच. पाणी बोअर आणि टँकरचं मिसळून येतं. टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या मीटरवर, ६२० दाखवतं. आणि घरात १९:१९:१९ या विद्राव्य खताची पिशवी पडून आहे, ती चालेल का? लेट्यूस, पालक, पुदिना, कोथिंबीर एवढं निघालं तरी आम्ही खूश.

आधीच आभार.

प्रतिसाद १

ताई, नाशिकहून लिहितोय. गच्चीवर माझं एनएफटी आहे आणि मला ते मनापासून आवडतं, तरीही पहिल्या वेळी ते घेऊ नका.

एनएफटीत मुळांजवळ पाण्याचा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा थर असतो. पंप थांबला की पाइपात साठा काहीच राहत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी वीज गेली तर रोपं बघता बघता माना टाकतात. १८ वॉटचा पंप इन्व्हर्टरवर आरामात चालतो आणि दिवसभर चालवला तरी अर्धं युनिटही जळत नाही, त्यामुळे खर्चाचा प्रश्न नाही. प्रश्न पाठीमागच्या आधाराचा आहे. घरात इन्व्हर्टर नसेल तर एनएफटीचा विचार पुढे ढकला.

क्रॅटकीत डब्यातलं पाणी हाच साठा. वीज जाऊ दे, तुम्ही चार दिवस गावी जाऊन या, रोपाला फरक पडत नाही. हवाई विद्यापीठातल्या बी. ए. क्रॅटकी यांनी हे तंत्र मांडलं आणि त्यातली खरी मेख हवेच्या पोकळीत आहे. पाणी खाली जातं तसा पाणी आणि झाकण यांच्यात दमट हवेचा पट्टा तयार होतो आणि वरची मुळं तिथूनच प्राणवायू घेतात. म्हणून पाणी कमी झालं की काठोकाठ भरायचा मोह टाळा. तेवढ्यानेच रोप गुदमरतं. भरायचंच तर तळाशी थोडं भरा, पोकळी शाबूत ठेवून.

एका लेट्यूसला साधारण चार लिटर पाणी धरा. सुरुवातीला पाणी जाळीच्या कपाच्या तळाला लागेल इतकं. डब्यात उजेड शिरला की शेवाळं धरतं, म्हणून बाहेरून काळा रंग आणि त्यावर पांढरा, म्हणजे डबा तापणारही नाही.

प्रतिसाद २

पद्धतीची चर्चा होत राहील, पण या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा ६२० हा आहे.

आधी मीटर कोणत्या पट्टीवर आहे ते बघा. मीटर खरं तर ईसी, म्हणजे पाण्याची वीजवाहकता, मोजतो आणि तिला ५०० किंवा ७०० ने गुणून पीपीएम, म्हणजे क्षारांचा अंदाज, दाखवतो. ५०० ची पट्टी असेल तर तुमच्या साध्या पाण्याचीच ईसी १.२ च्या वर आहे. लेट्यूसला खत घातलेल्या पाण्याची ईसी हवी ०.८ ते १.२. म्हणजे चमचाभर खत पडायच्या आधीच ताट भरलेलं, आणि तेही रोपाला फारशा उपयोगी नसलेल्या क्षारांनी. वर खत टाकलं की पानांच्या कडा करपतात.

दुसरं, आपल्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर. पाण्याची आम्लता सांगणारा पीएच ५.५ ते ६.५ मध्ये हवा. तुम्ही खाली आणाल आणि दोन दिवसांत तो परत वर चढेल. पीएच सातच्या वर राहिला की लोह पाण्यात असूनही रोपाला मिळत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लिंबू किंवा व्हिनेगरने पीएच उतरवू नका, त्याचा परिणाम टिकत नाही. पातळ केलेलं फॉस्फोरिक ॲसिड वापरतात. हातमोजे घालून, पाण्यात ॲसिड, थेंबाथेंबाने.

यावर सोपा मार्ग म्हणजे निम्मं बोअरचं आणि निम्मं आरओचं शुद्ध पाणी मिसळा. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र अजिबात नको, त्यात सगळे क्षार गोळा झालेले असतात. पावसाळ्यात पावसाचं पाणी साठवता आलं तर उत्तमच. क्रॅटकीच्या दहा लिटरच्या डब्याला असं पाणी पुरवणं सहज जमतं. एनएफटीची ५० लिटरची टाकी वरचेवर बदलणं जमणार नाही. म्हणजे तुमच्या पाण्यानेच तुमची पद्धत ठरवली आहे.

१९:१९:१९ बद्दल स्पष्ट सांगतो, पाण्यातल्या लागवडीला ते नको. त्यातला निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतो. मातीतले जीवाणू तो फोडून रोपाला देतात, डब्यातल्या पाण्यात ती सोय नसते. शिवाय त्यात कॅल्शियम नाही. हायड्रोपोनिक्सचं ए आणि बी अशा दोन भागांतलं खत मिळतं, ते घ्या. दोन भाग यासाठी की कॅल्शियम नायट्रेट हे सल्फेट-फॉस्फेटच्या घट्ट द्रावणात मिसळलं की पांढरा गाळ बसतो आणि तो रोपाच्या कामाचा राहत नाही. आधी ए भरपूर पाण्यात ढवळा, मग बी टाका.

प्रतिसाद ३

वरच्या दोघांशी सहमत. नागपूरकर म्हणून एक भर घालते.

पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशाला लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साधारण साडेसात. त्याच वेळी मुळांना प्राणवायू जास्त लागतो. मुळं तपकिरी, बुळबुळीत आणि वास मारणारी झाली की समजा कूज लागली. म्हणून लेट्यूस ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर ते कडू होतं आणि तुरा काढतं, कितीही जपलं तरी. उन्हाळ्यात डबे बाल्कनीच्या आतल्या बाजूला सरकवा आणि पुदिन्यावर भर द्या. बाजारातल्या जुडीतली जाड काडी साध्या पाण्यात मुळं फुटेपर्यंत ठेवायची आणि मग डब्यात लावायची. बियाण्याचा खर्चही नाही.

प्रतिसाद ४

सासूबाईंसाठी करताय म्हणून माझं मत जरा वेगळं आहे. ज्यांचा हात मातीत गेलाय त्यांना नुसता बंद डबा परका वाटतो. त्यांच्यासाठी कोकोपीटची वात पद्धतीची कुंडी ठेवा. बोटांना ओल कळते, बी टोचता येतं. कोकोपीट आधी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन घ्या, त्यात मीठ असतं. आणि अधूनमधून वरून नुसतं पाणी सोडून क्षार वाहून जाऊ द्या. तेवढ्या वेळी कुंडी बाथरूममध्ये न्या, ओलीची तक्रार नको. जमलं तर पुढे त्याच कोकोपीटवर ठिबक सोडून मिरची-टोमॅटो घेता येतील.

पंपाशिवाय हे होत नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. १९४६ मध्ये शोल्टो डग्लस यांनी बंगालमध्ये कालिंपोंगच्या भागात बिनमातीच्या शेतीचे प्रयोग सुरू केले. खडी-वाळूच्या वाफ्यात खतमीठ पसरायचं आणि हाताने पाणी द्यायचं, एवढ्यावर ते चाले.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. मीटर ५०० च्या पट्टीचाच निघाला. किट घेत नाही. दहा-दहा लिटरचे दोन क्रॅटकी डबे लेट्यूससाठी आणि सासूबाईंना वातीच्या दोन कुंड्या, असं ठरलं. त्यांनी कोथिंबिरीचा हट्ट धरलाय. आणि डासांचं काय? आमच्या भागात डेंग्यूचे रुग्ण असतात, साठलेल्या पाण्याची मला धास्ती वाटते.

प्रतिसाद १

धास्ती रास्त आहे, डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. झाकण घट्ट बसणारं घ्या. जाळीचा कप भोकात सैल राहता कामा नये. फट दिसली तर स्पंज किंवा मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा कोंबा. कपात मातीचे भाजलेले गोळे वरपर्यंत भरा. आठवड्यातून एकदा झाकण उचलून टॉर्चने आत बघा. अळी दिसली तर पाणी ओतून द्या आणि डबा आतून घासून नवं भरा, वाया जाणाऱ्या खताचा मोह धरू नका.

कोथिंबीर वातीच्या कुंडीतच. धने हलक्या हाताने रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा आणि थेट कोकोपीटमध्ये पेरा. तिला उपटून दुसरीकडे लावलेलं सोसत नाही. उगवेपर्यंत साधं पाणी, खरी पानं आली की अर्ध्या ताकदीचं खत. पालक दुसऱ्या हंगामाला घ्या, उकाड्यात त्याचं बी नीट उगवत नाही आणि मुळंही लवकर कुजतात.