एकाच घरात सुई आणि चूल: फोडणीचा वास, तेलाचे डाग आणि वेळ यांचे काय करावे?

सुईदोरा (परभणी) यांचा प्रश्न

नमस्कार. मी परभणीत राहते आणि जुन्या सुती लुगड्यांपासून व धोतरांपासून गोधड्या आणि भिंतीवर लावायची वस्त्रचित्रे तयार करते. त्यांतले काही कापड मी घरीच कांद्याच्या साली, डाळिंबाची साल आणि हिरडा वापरून रंगवते. घर दोन खोल्यांचे आहे. पुढच्या खोलीत दिवाणावर काम पसरलेले असते, मागे स्वयंपाकघर आहे, आणि मध्ये दाराऐवजी फक्त पडदा आहे.

गेल्या कार्तिकात मी वर्षाचे येसर, म्हणजे धान्ये आणि मसाले भाजून केलेली पूड, तयार केले. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, सुके खोबरे असा एकेक जिन्नस लोखंडी कढईत मंद आचेवर भाजत गेले, शेवटी लाल मिरच्या भाजल्या, आणि घरभर जो खमंग वास पसरला त्याने मी फार सुखावले. त्याच वेळी पुढच्या खोलीत पाच महिने खपून केलेली पांढऱ्या धोतराची गोधडी उघडीच होती. ती ज्यांनी मागवली होती त्यांनी आठवड्याभरात परत पाठवली. हातकाम उत्तम आहे, पण गोधडीला मसाल्याचा आणि तेलाचा वास येतो, असे त्यांनी कळवले. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, म्हणूनच ते मनाला अधिक लागले.

घरातली मंडळी म्हणतात की डबा लाव आणि पूर्ण वेळ कामाला दे. मला ते पटत नाही. दुपारभर धावदोरा घालून मान आणि बोटे अवघडली की उठून कणीक मळावी, उकळत्या आमटीत वरणफळे सोडावीत आणि ती शिजेपर्यंत ओट्याशी उभे राहावे, यात माझा खरा विसावा आहे. स्वयंपाक मला सोडायचा नाही आणि गोधडीही पुन्हा परत यायला नको आहे. म्हणून अनुभवी मंडळींना विचारते की कापडाला वास लागू नये यासाठी आपण काय करता, तेलातुपाचे हात घेऊन पांढऱ्या कापडाकडे कसे वळता, आणि दिवसाची आखणी कशी करता? आणखी एक शंका आहे. कांदा आपण रोज खातो. मग ज्या पातेल्यात कांद्याच्या साली उकळल्या त्यातच वरण शिजवले तर काही बिघडते का?

पैठणचा माग यांचे उत्तर

ताई, आमच्या घरात पुढच्या खोलीत पैठणीचा माग आहे आणि मागे चूल आहे, त्यामुळे तुमची अडचण मला शब्द न् शब्द कळली. पैठणीच्या पदराची नक्षी सुलट्या बाजूला दिसते तशीच उलट्या बाजूलाही दिसते. त्यामुळे डाग पडला तर तो लपवायला आमच्याकडे बाजूच उरत नाही. गोधडीवर निदान दुसरे ठिगळ लावता येते.

दिवसाची आखणी आम्ही उजेडावरून करतो. दोन जवळच्या छटांतला फरक दिवसाच्या उजेडातच नीट कळतो, दिव्याखाली मोरपंखी आणि हिरवा यांत फसायला होते. म्हणून उजेड मागाचा आणि अंधार चुलीचा, असे सासूबाईंनी लावलेले वळण मी आजही पाळते. पहाटे साडेपाचला चूल पेटते, आठच्या आत दोन्ही वेळच्या भाकरी आणि एक कोरडी भाजी होते, आणि त्यानंतर दिवे लागेपर्यंत घरात फोडणी पडत नाही. दुपारी शेंगदाण्याची किंवा कारळाची चटणी, दही आणि भाकरी असते. संध्याकाळी मात्र सावकाश, मन लावून स्वयंपाक करते. वर्षाचे काळे तिखट आणि येसर यांचे भाजणे रात्रीच होते, आणि त्याआधी विणलेला भाग स्वच्छ सुती कापडाने झाकून, तयार साडी मलमलीत गुंडाळून पेटीत ठेवलेली असते. खरी जर चांदीची असते आणि गंधकाने चांदी काळवंडते. कांद्यालसणात गंधक असते, म्हणून जरीच्या बाबतीत मी वासापेक्षाही याची काळजी अधिक घेते.

हातांबद्दल सांगायचे तर साबणाने धुणे पुरेसे नसते. लसूण सोलून आणि मिरच्यांचे देठ खुडून बोटांच्या टोकांना बारीक भेगा पडतात आणि रेशमाचा तंतू त्यांत अडकतो. म्हणून ही कामे मी रात्री करते, झोपताना हातांना खोबरेल लावते आणि सकाळी ते पूर्ण धुऊन कोरडे केल्याशिवाय मागावर बसत नाही. मागाशेजारी एक पांढरा रुमाल टांगलेला असतो. आधी त्याला हात पुसायचे. रुमालावर पिवळट छटा उमटली तर उठून पुन्हा हात धुवायचे.

नाथषष्ठीला गाव वारकऱ्यांनी भरून जाते. त्या दिवसांत घरी पंगती उठतात आणि माग बंद असतो. त्या दिवसांचे काम आधीच वेगळे काढून ठेवावे लागते. रोज थोडी चूल आणि थोडा माग अशी ओढाताण करण्यापेक्षा काही दिवस पूर्णपणे चुलीला देणे मला बरे वाटते.

रंगभांडे (लातूर) यांचे उत्तर

पातेल्याबाबत माझे मत कठोर आहे आणि ते मी स्पष्टच लिहिते. रंगाचे भांडे स्वयंपाकाला वापरू नये, आणि स्वयंपाकाचे भांडे एकदा रंगाला वापरले की ते परत ओट्यावर येऊ देऊ नये. साल खाण्याच्या कांद्याची असली तरी कापड रंगवताना ती एकटी नसते. तिच्यासोबत तुरटी येते, छटा गडद करायची तर हिराकस (लोखंडाचा क्षार) येते, आणि काही जण मोरचूदही वापरतात. मोरचूद विषारी आहे, ते घरात आणूच नये. हिराकसही मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावे आणि बेताने वापरावे, कारण अति लोखंडाने सुती कापड काही वर्षांत कुजल्यासारखे फाटू लागते. माझ्याकडे रंगासाठी स्टीलची दोन पातेली, एक लाकडी काठी आणि एक चमचा आहे. या सगळ्यांच्या कडीला किंवा दांड्याला मी लाल सुताची दोरी बांधून ठेवली आहे. घरात कोणीही आले तरी लाल दोरीचे भांडे चुलीवर ठेवायचे नाही, एवढे सर्वांना ठाऊक आहे. लोखंडी कढईत साली उकळू नका, लोखंड रंगात उतरते आणि सोनेरी व्हायचे कापड शेवाळी होते.

तुम्ही हिरडा वापरता म्हणून प्रमाणही लिहिते. एक किलो कोरड्या सुती कापडाला मी १५० ते २०० ग्रॅम हिरडापूड घेते, आणि ते सुकल्यावर साधारण तेवढीच तुरटी. कांद्याच्या साली कापडाच्या निम्म्या वजनाच्या तरी हव्यात. साल हलकी असते, त्यामुळे एका घरच्या कांद्यांवर एवढी साल जमायला काही महिने जातात. शेजारच्या खानावळीला सांगून ठेवले तर त्या पिशवी भरून साली आनंदाने देतात. हळदीचा रंग मात्र विकण्याच्या कामात वापरू नका. पहिल्या दिवशी तो अतिशय सुंदर दिसतो, पण उन्हाने उडून जातो.

आता पाण्याचे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, तेव्हापासून माझ्या घरात पाणी कधीही निष्काळजीपणे ओतले गेलेले नाही. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी झाडांना जाते. तुरटीचे उरलेले पाणी मी झाकून ठेवते आणि थोडी तुरटी वाढवून पुढच्या कापडाला वापरते. पाण्याची परीक्षा मी स्वयंपाकघरातच करायला शिकले. ज्या बोअरच्या पाण्यात तूरडाळ कितीही शिट्ट्या दिल्या तरी गाळ शिजत नाही, त्या पाण्यात साबणालाही फेस येत नाही आणि सालींचा रंगही वेगळाच उतरतो. ते पाणी जड असते, त्यात चुन्याचे क्षार असतात. त्यामुळे पावसाळ्यात पत्र्यावरून पडणारे पाणी, पहिली सर जाऊ देऊन, मी दोन टाक्यांत साठवते आणि ते फक्त रंगासाठी राखते. त्याच पाण्यात एकदा वरण शिजवून पाहिले होते. डाळ अशी एकजीव झाली की रवीही लावावी लागली नाही. तरीही ते पाणी मी पुन्हा स्वयंपाकाला घेतले नाही. पत्र्यावरच्या पाण्याचा भरवसा नसतो, आणि रंगाला ते फार मोलाचे आहे.

रंगाची भट्टी मी अंगणात लावते. तुम्हाला अंगण नसेल तर खिडकी उघडी ठेवून, आणि ओट्यावर अन्न नसेल अशाच वेळी लावा. येळवसीच्या, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येच्या, आदल्या दिवशी मात्र मी रंगाला हात लावत नाही. त्या रात्री भज्जी आणि आंबील यांची तयारी असते, आणि शेतात जेवायला येणाऱ्या माणसांच्या अन्नाशेजारी हिराकस असू नये असे मला वाटते.

कवडी-आरसा (बीड) यांचे उत्तर

फक्त डब्याबद्दल लिहितो. मी भरतकाम करतो. बंजारा पद्धतीच्या कामात कवड्या आणि आरसे टाकण्यासाठी एकाच बैठकीत तीन-चार तास लागतात. मी वर्षभर डबा लावून पाहिला. डबा बाराला यायचा, कधी एकला. त्याची वाट पाहण्यात आणि थंड पोळी गरम करण्यात जेवढा वेळ जायचा तेवढ्यात मुरमुऱ्यांचा सुशीला करून खाऊन होतो. वाचलेल्या वेळेत काम वाढले असे माझ्या वहीत कुठेच दिसले नाही, पैसे मात्र गेले. ज्यांना स्वयंपाकाचा जाच वाटतो त्यांनी डबा अवश्य लावावा, पण तुम्हाला तो वाटत नाही हे तुम्हीच लिहिले आहे.

वाकळ (हिंगोली) यांचे उत्तर

बाई, मी पन्नास वर्षे वाकळा शिवते आहे आणि वरच्या उत्तरांत एक गोष्ट राहून गेली असे मला वाटते. वास त्या दिवशीच्या भाजण्यातूनच आला, हे तुम्ही धरून चालला आहात. जुन्या धोतरा-लुगड्यांनी आपल्या आधी वीस-वीस वर्षे चूल पाहिलेली असते. लुगड्याच्या पदराला हात पुसलेले असतात, त्यानेच गरम भांडे धरलेले असते, आणि ते तेल धाग्यात मुरलेले असते. वरून धुतले तरी ते निघत नाही. ऊब लागली किंवा कापड पिशवीत बंद राहिले की वास पुन्हा वर येतो. म्हणून शिवायला घेण्याआधी प्रत्येक जुने सुती कापड धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात तासभर उकळायचे. पाणी चहासारखे तांबूस होते, ते पाहिले की खात्री पटते. ज्या कापडाचे तेल निघाले नाही त्याच्यावर रंगही डागाडागांनी बसतो, हे तुम्ही रंगवताना पाहिलेच असेल.

परत आलेल्या गोधडीवर अत्तर किंवा सुगंधी फवारा मारू नका, दोन वास एकत्र होऊन आणखी वाईट होते. पांढरी आहे तर तीन दिवस कडक उन्हात, दर दोन तासांनी उलटून वाळवा. मग वाळलेला कडुलिंबाचा पाला सुती पुरचुंडीत बांधून घडीत ठेवा. सालींत रंगवलेले कापड असेल तर ऊन नको, सावलीतला वारा द्या.

तेलाचा ताजा डाग पडला तर पाणी लावण्याआधी त्यावर ज्वारीचे कोरडे पीठ दाबून घाला आणि रात्रभर तसेच राहू द्या. पीठ तेल शोषून घेते, सकाळी झटकून मग रिठ्याच्या पाण्याने धुवा. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालभडक होतो. तेव्हा घाबरून चोळत बसू नका, साबण धुऊन काढा आणि ओले कापड उन्हात टाका. वर त्या ताईंनी हळदीचा रंग उन्हाने उडतो म्हणून तक्रार केली आहे, इथे तोच गुण उपयोगी पडतो.

मसाला भाजायचा तो भाजाच. घरचे येसर आणि विकतचे येसर यांत फरक आहे.

सुईदोरा (परभणी) यांचा प्रतिसाद

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले याबद्दल मनापासून आभार. हिंगोलीच्या काकूंनी लिहिल्याप्रमाणे गोधडी तीन दिवस उन्हात ठेवली आणि नंतर एकेक भाग नाकाशी धरून पाहिला. धोतराच्या पांढऱ्या भागांचा वास पूर्ण गेला आहे. तो राहिला आहे फक्त मधल्या एका चौकोनात. तो माझ्या आजीच्या इरकली लुगड्याचा आहे आणि त्याचा लाल काठ उतरेल या भीतीने मी तो उकळलाच नव्हता. त्यावर गाल टेकवला तर येसराचा वास येत नाही, धुराचा आणि तेलाचा येतो. म्हणजे निम्मा दोष त्या दिवशीच्या कढईचा नव्हता.

तो चौकोन मी काल टाका टाका उसवून काढला आणि वेगळा घडी करून ठेवला. त्याच्या जागी उकळून घेतलेले धोतराचे कापड बसवते आहे. शंभराहून अधिक ओळींचा धावदोरा पुन्हा घालायचा असल्याने पंधरा दिवस तरी लागतील. त्यानंतर ज्यांनी गोधडी परत पाठवली त्यांना झालेले सगळे लिहून, हवी असल्यास ती पुन्हा पाठवण्याची तयारी कळवणार आहे. दोन जुन्या पातेल्यांना लाल दोरी बांधली आहे. स्वयंपाकघराच्या पडद्याऐवजी दार बसवण्यासाठी घरमालकांची परवानगी मागितली आहे, आणि ती मिळेपर्यंत काळे तिखट रात्री गच्चीवर शेगडी नेऊन भाजेन.

लातूरच्या ताईंना एक विचारायचे राहिले. काठाचा लाल रंग न उतरता आजीच्या त्या तुकड्यातले तेल काढण्याची काही रीत आपल्याला ठाऊक असेल तर अवश्य लिहावे.