फ्रँकफर्टला पोचलो, बॅग नाही पोचली, आईच्या गोळ्या त्यातच!

घाटातला_पाऊस:
लोकहो, जरा अर्जंट आहे. काल रात्री आईबाबांना घेऊन फ्रँकफर्टला उतरलो, मधे विमान बदलायला जेमतेम सव्वा तास होता, आम्ही धावत पळत गाठलं पण एक बॅग काही धावली नाही. पट्टा बंद पडेपर्यंत उभे होतो. काउंटरवर फॉर्म भरला, आत काय काय आहे ते लिहा म्हणे, आता त्या बाईला मेतकूट काय सांगणार, पिवळी पावडर म्हटलं तर अजून घोळ! आईच्या बीपीच्या गोळ्या त्याच बॅगेत (हो, माझीच चूक), पर्समध्ये उद्यापर्यंतच्याच आहेत. आज रविवार, सगळं बंद. त्यात माझं कार्ड हॉटेलात चालेना. परवा स्वित्झर्लंडला, लुझर्नला निघायचंय आणि बाबा म्हणतायत परत जाऊया.

तिखटमीठ:
बाबांना आधी चहा द्या :) फॉर्मची प्रत आहे ना? त्याला पीआयआर म्हणतात, त्यावरचा नंबर आणि बॅगेच्या टॅगचा दहा आकडी नंबर, दोन्हीचे फोटो काढून ठेवा. आणि एअरलाइनला आजच कळवा की मंगळवारपासून पत्ता लुझर्नच्या हॉटेलचा. आम्ही हे विसरलो होतो, आम्ही पुढच्या गावात आणि बॅग मागच्या, असा चार दिवस पाठशिवणीचा खेळ चालला होता. टूथपेस्ट, मोजे वगैरे हाउप्टबानहोफमध्ये म्हणजे मेन स्टेशनात मिळेल, तिथली दुकानं रविवारीही उघडी असतात. पावत्या जपा.

राइनकाठची_काकू:
मी इथेच असते, गोळ्यांचं सांगते. बीपीची गोळी इथे चिठ्ठीशिवाय देत नाहीत आणि आपल्याकडच्या डॉक्टरांची चिठ्ठी चालत नाही. 116117 ला फोन करा, सुट्टीच्या दिवशी ड्यूटीवरचा डॉक्टर कुठे भेटेल ते सांगतात. ब्रँडचं नाव सांगून उपयोग नाही, पाकिटावर बारीक अक्षरात टेल्मिसार्टन, अ‍ॅम्लोडिपिन असं काहीतरी असेल ते आणि किती एमजी ते सांगायचं. मग आपोथेके म्हणजे औषधाचं दुकान, लाल रंगातला मोठा A दिसेल. बंद असलं तरी आज कुठलं उघडं आहे ते दारावर लावलेलं असतं. उद्यावर ढकलू नका, बीपीची गोळी चुकवायची नसते.

तिखटमीठ:
कार्डाचं राहिलंच. 2020 पासून आपल्याकडच्या नवीन कार्डांवर परदेशातला वापर बंदच असतो, बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन चालू करावा लागतो. ओटीपीसाठी भारतातलं सिम रोमिंगवर असू द्या.

नियमावली:
खर्चाचा क्लेम एअरलाइनकडे बॅग हातात आल्यापासून 21 दिवसांच्या आत लेखी करा, बॅग फुटली असेल तर 7 दिवसांतच. माँट्रियल करारात (विमानप्रवासातल्या भरपाईचा आंतरराष्ट्रीय करार) आहे, भारत 2009 पासून त्यात आहे. आणि 21 दिवसांत बॅग आलीच नाही तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. पण गरजेपुरत्या खरेदीचेच पैसे मिळतील हं, कुणी त्यात नवीन कोट घेऊ नये.

घाटातला_पाऊस:
अपडेट! कार्डाचं तेच निघालं, अ‍ॅपमध्ये एक बटण. काकू, तुमचे उपकार, रविवारी संध्याकाळीच गोळ्या मिळाल्या, डॉक्टरीणबाई फार गोड होत्या. बॅग काल लुझर्नला आली. मेतकुटाची पिशवी फुटलीय, आईच्या तिन्ही साड्या पिवळ्या आणि खोलीभर हिंगाचा वास. @नियमावली, हे 7 दिवसांवाल्यात बसतं का हो?