थिनरच्या वासानं कान जातात काय? दादाला बेरा टेस्ट सांगितलीय

उद्यमबाग_धाकटा

नमस्कार मंडळी. माझा मोठा भाऊ बेळगावात उद्यमबागेत एका कारखान्यात स्प्रे पेंटिंग करतोय, 14 वर्षं झाली, पंपाचे आणि हायड्रॉलिकचे पार्ट रंगवायचं काम. बूथ म्हणजे नावाला बूथ, तीन बाजूनं पत्रा आणि मागं एक एक्झॉस्ट फॅन, त्याच्या पात्यावर रंगाचे थर बसून तो निम्माच फिरतोय. शेजारी ग्राइंडिंग आणि कंप्रेसर दिवसभर. सुट्टी व्हायच्या आधी आइस्क्रीमच्या डब्यात थिनर ओतून हात धुतात सगळे, दादा पण.

वर्षभर झालं घरात एकेकटं बोललं की त्याला सगळं कळतंय, पण चार माणसं जमली की नुसती मान हलवतो. गणपतीच्या मीटिंगला वर्गणीचं काय ठरलं ते घरी येऊन मलाच विचारलं. सुपरवायझर कन्नडमध्ये काय सांगतो ते तर आता तीन वेळा विचारावं लागतं म्हणे, आधी त्याला कन्नड फाडफाड यायचं. तो म्हणतो माणसं पुटपुटूलालेत, माझे कान बरे हायत. वैनी म्हणते मुद्दाम ऐकत नाही, त्यावरनं घरात रोज वाद.

ऑडिओमेट्री (ऐकण्याची साधी टेस्ट) केली, रिपोर्टात 4000 हर्ट्झच्या वरच्या सुराला थोडं खाली आहे, बाकी जवळजवळ नॉर्मल. डॉक्टरनी काय काम करता विचारलं, थिनर म्हटल्यावर लगेच बेरा लिहून दिली. दादा घाबरलाय, डोक्याला वायरी लावून शॉक देतात असं कुणीतरी सांगितलंय त्याला. थिनरचा आणि कानाचा काय संबंध ओ? आवाजानं कान जातात ते माहीत होतं, वासानं पण जातात?

निपाणीकर_मेस्त्री

बाळा, मी 26 वर्षं गाड्या रंगवल्या. दोन्ही कानात मशीन आहे आता. आमच्या टायमाला कोण सांगणार, नाकाला ओला रुमाल बांधला की झालं. सोमवारी सकाळी डबा उघडला की डोकं गरगरायचं आणि बुधवारपर्यंत वासच यायचा नाही, आम्ही म्हणायचो सवय झाली. सवय नाकाला होते, थिनर तेवढाच आत जात असतो. दादाला टेस्ट करायलाच लाव. मी दहा वर्षं कुणाला सांगितलं नाही, भजनात टाळ चुकायला लागला तेव्हा घरच्यांना कळलं.

कानाची_ताई

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, मूळची खानापूरची. जरा सविस्तर लिहिते कारण या भागात पेंटर, फाउंड्रीतले आणि प्रिंटिंगवाले खूप आहेत आणि बहुतेकांना हे कुणीच सांगितलेलं नसतं.

आधी भीतीचं. बेरामध्ये शॉक अजिबात नाही. कपाळावर आणि कानामागं इलेक्ट्रोड चिकटवतात, कानात टक टक टक असा आवाज सोडतात आणि दादानं फक्त डोळे मिटून पडून राहायचं, झोप लागली तर अजून चांगलं. मशीन वीज देत नाही, दादाच्या डोक्यात जी वीज आपोआप तयार होते ती मोजतं. आवाज कानातून नसेत आणि तिथून मेंदूच्या देठात चढतो तशा ओळीनं लाटा उमटतात, पहिली साधारण दीड मिलिसेकंदाला, पाचवी साडेपाच ते सहाच्या दरम्यान. ही लाट एका मायक्रोव्होल्टपेक्षाही लहान, आणि मेंदूची बाकीची वीज तिच्या कितीतरी पट मोठी. म्हणून हजार-दोन हजार टकटक देऊन सरासरी काढतात. रविवार पेठेच्या गर्दीत एकच माणूस दर ठोक्याला तोच शब्द ओरडत राहिला तर बाकीचा कालवा एकमेकांत विरतो आणि तो शब्द तेवढा वर येतो, तसं. पहिली लाट वेळेवर आणि पाचवी उशिरा आली तर घोटाळा कानाच्या पुढं, वाटेत आहे असं समजायचं.

आता थिनर. एनसी थिनरमध्ये टोल्युइन, झायलीन असली द्रावणं असतात. ती श्वासातून रक्तात जातात आणि रक्तातून कानाच्या शंखापर्यंत पोचतात, म्हणजे कानात बोळे घातले तरी ही वाट उघडीच. तिथं आवाज टिपायला मदत करणाऱ्या बाहेरच्या केसपेशी आणि त्यांना आधार देणाऱ्या पेशी मरतात. माणसात त्या परत उगवत नाहीत. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीलाच उंदरांना टोल्युइनच्या वाफेत ठेवून मेंदूच्या देठातल्या ह्याच लाटा मोजल्या होत्या, गोंगाट नसतानाही त्यांचे कान गेले होते.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. मोठा आवाज आला की मधल्या कानातला बारका स्नायू आवळतो आणि आत जाणारा आवाज थोडा अडवतो. टोल्युइन हे प्रतिक्षिप्त काम मंद करतं असं प्राण्यांवरच्या प्रयोगात दिसलंय. म्हणजे ग्राइंडर तोच, पण कानाच्या आत तो जास्त जोरात पोचतो. ब्राझीलमध्ये झालेल्या आणि 1993 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात छपाई आणि रंगाच्या कामगारांची तपासणी होती: ज्यांना गोंगाट आणि द्रावणं दोन्हींचा त्रास नव्हता त्यांच्यात 8 टक्के लोकांना ऐकण्याचा दोष, नुसता गोंगाट असलेल्यांत 26, आणि गोंगाट अधिक टोल्युइन असलेल्यांत 53. दादाचं काम त्या शेवटच्या गटातलं आहे.

ऑडिओमेट्री शांत खोलीत एकेक सूर ऐकू येतो का एवढंच सांगते. गर्दीतलं बोलणं निवडून काढणं हे कान आणि मेंदू दोघांचं काम आहे. कन्नड आधी सुटली तेही समजण्यासारखं आहे, मागून शिकलेली भाषा गोंगाटात सगळ्यात आधी निसटते, मातृभाषेत निम्मा शब्द ऐकून उरलेला आपण भरून काढतो. वैनींना हे नक्की सांगा, तो मुद्दाम करत नाही. बेराबरोबर ओएई (केसपेशी काम करतात का ती टेस्ट) आणि गोंगाटात शब्द ओळखायची टेस्ट पण मागा.

मच्छे_शिफ्टवाला

मी एका कंपनीत सेफ्टी बघतो. कापडी मास्क आणि एन-95 वाफेला काहीच उपयोगाचे नाहीत, ते धूळ अडवतात. ऑरगॅनिक व्हेपरची कार्ट्रिज असलेला, कोळशाचा थर असतो तो मास्क लागतो आणि कार्ट्रिज ठरलेल्या वेळी बदलायची, वास यायची वाट बघायची नाही. टोल्युइनची वाफ हवेपेक्षा तिप्पट जड, खाली साचते, आणि तुमच्या दादाचा फॅन जर उंचावर असेल तर खालची हवा तिथंच राहणार. थिनरनं हात धुणं आजच बंद करा, कातडीतून पण आत जातो तो. आपल्याकडं कायद्यात टोल्युइनला सरासरी 100 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आणि आवाजाला 8 तासांना 90 डेसिबल अशी हद्द आहे, पण दोन्ही आकडे वेगवेगळे धरलेले, एकाच माणसावर दोन्ही पडले तर काय त्याचा हिशोब त्यात नाही. अमेरिकेतली एक तज्ज्ञ संस्था टोल्युइनला 20 च पुरे म्हणते. आणि ईएसआय (कामगार विमा) असेल तर कागद जपून ठेवा, गोंगाटानं आलेला बहिरेपणा व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे.

खडेबाजार_७

ताई, आमच्या गल्लीत पंक्चरच्या दुकानातला एक पोरगा रबर सोल्युशन रुमालाला लावून हुंगतोय. त्याला पण असंच होणार काय?

कानाची_ताई

@खडेबाजार_७ त्याला जास्त धोका आहे, कारण कारखान्यातल्या हवेपेक्षा कितीतरी पट दाट वाफ एकदम आत जाते. नशा येते कारण मेंदूला शांत करणारे गाबाचे रिसेप्टर जोर धरतात आणि चेतवणारे एनएमडीए दबतात, ईईजीत (मेंदूच्या विजेच्या आलेखात) लाटा संथ पडतात. वर्षानुवर्षं टोल्युइन हुंगणाऱ्यांत मेंदूतल्या पांढऱ्या भागाचं, म्हणजे नसांवरच्या आवरणाचं नुकसान होतं, आणि अशांपैकी काहींची ऑडिओमेट्री ठीक असताना बेरामधली तिसरी-पाचवी लाट पुसट किंवा गायब मिळालेली आहे. आणि हृदय एकदम बंद पडून पहिल्याच वेळी पोरं गेलेली आहेत. हुंगलेलं दिसलं तर त्याच्या मागं पळू नका, घाबरवू नका, तेव्हाच हृदयाला धोका असतो. शांतपणे मोकळ्या हवेत बसवा आणि घरच्यांशी बोला.

उद्यमबाग_धाकटा

उशिरा लिहूलालोय, माफ करा. काल बेरा झाली. दादा टकटक ऐकत घोरायला लागला, टेक्निशियन म्हणाले असेच पेशंट पाहिजेत. डाव्या कानाची पाचवी लाट उशिरा आहे, उजवी काठावर. पहिली लाट दोन्हीकडं वेळेवर. ओएई पण केली, वरच्या सुरांना कमी येतंय. डॉक्टरनी बूथमधून बाहेर काढा असं चिठ्ठीवर लिहून दिलंय, सोमवारी दादा ती घेऊन मॅनेजरकडं जाणार आहे, असेंब्लीला बदली मागणार. पगार थोडा कमी बसतो तिकडं.

वैनीला ताईंचा कन्नडवाला भाग वाचून दाखवला. काही बोलली नाही, पण रात्री जेवताना टीव्ही बंद केला तिनं आणि दादाच्या समोर येऊन बसून बोलत होती.

ताई, सहा महिन्यांनी परत बेरा करायची म्हणालेत. मैसूरच्या ऐकण्या-बोलण्याच्या राष्ट्रीय संस्थेत एकदा दाखवून आणावं काय, का इथंच पुरे?