मदत हवी आहे: टीव्हीवर पेन ड्राइव्हमधला ४के ५०पी व्हिडिओ अडकतो

लग्नाच्या शूटिंगच्या मूळ फाइल्स टीव्हीवर लावल्या की फक्त आवाज येतो, पडदा काळा. मीडियाइन्फोत (फाइलचा तपशील दाखवणारं सॉफ्टवेअर) दिसतं: एमओव्ही फाइल, एच.२६४ व्हिडिओ, रंगाची खोली १० बिट, रंगाचे नमुने ४:२:२, सेकंदाला ५० फ्रेम्स (५०पी), पीसीएम (न दाबलेला) ऑडिओ. टीव्हीची चिप हे प्रोफाइल हार्डवेअरवर डीकोड करत नाही, हे कळलं. एक्स्टेन्शन बदलणं किंवा एमकेव्हीत रीमक्स करणं (पुन्हा एन्कोड न करता दुसऱ्या फाइल प्रकारात भरणं) सुचवू नका. त्यात डबा बदलतो, आतला व्हिडिओ तोच राहतो.

८ बिट ४:२:० (रंगाची माहिती आणखी कमी) एच.२६४ केलं तर चालतं, पण संध्याकाळच्या आकाशात रंगांचे पट्टे दिसतात. म्हणून एफएफएमपेगने (व्हिडिओ रूपांतराचं सॉफ्टवेअर) एक्स२६५ (एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ चा एन्कोडर), मेन १० (१० बिट प्रोफाइल), ४:२:०, सीआरएफ १८ (ठरावीक दर्जा, बिटरेट दृश्यानुसार बदलतो) आणि एएसी ऑडिओ केला. चित्र सुरेख येतं, पण गर्दीचं किंवा अक्षतांचं दृश्य आलं की दोन-तीन सेकंद अडकतं. आवाज पुढे जातो. तीच फाइल २५पी (सेकंदाला २५ फ्रेम्स) केली तर एकदाही अडकत नाही. पण २५पीत बिटरेटही उतरतो, त्यामुळे दोष नक्की कशाचा ते ठरत नाही.

पेन ड्राइव्ह एक्सफॅट आहे (एक फाइल ४ जीबीच्या वर जाते), टीव्हीचा पोर्ट यूएसबी २.०. टीव्ही आईवडिलांकडे गावी आहे, तिथे इंटरनेट नाही, वेगळा बॉक्स घ्यायचा नाही.

एचईव्हीसीच्या लेव्हल ५.१, मेन टियरची बिटरेटची मर्यादा ४० एमबीपीएस आहे. ५०पी ठेवून मॅक्सरेट (कमाल बिटरेट) आणि बफसाइज (तो ज्यावर मोजला जातो तो बफर) किती ठेवू? आणि अडचण बिटरेटची की फ्रेमरेटची, हे वेगळं तपासायला कोणती चाचणी फाइल बनवू?