अनुभव धागा : ताट परत करताना काय बोलता?

गेल्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी विचारलं, "तुम्ही मूळचे गोव्याचे ना?" पंधरा वर्षांचा शेजार! नाताळला आमच्याकडून नेवऱ्या, कलकल जातात, दिवाळीला त्यांच्या चकल्या येतात, आणि बोलणं दारातच संपतं. आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाण्याकडचे मूळचे कॅथलिक, पिढ्यान्‌पिढ्या ठाण्याचे. हे नाव 1887 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी घेतलं, माणसं त्याच्या कितीतरी आधीपासून इथलीच. पण मी कधी सांगितलं नाही, आणि काकूंचं गाव कोणतं हे मलाही ठाऊक नव्हतं. (संगमेश्वर.)

ख्रिस्ती मंडळींनो, दारापलीकडे ओळख कशी झाली, कुठे फसली, लिहा. इतरांनीही लिहा.

ऐरोलीकर
आमचं अडतं ते प्रसादावर. आम्ही प्रोटेस्टंट, मूळ नगरचे. आई प्रसाद घ्यायची नाही, त्यामुळे गणपतीत आम्ही दारच लावून बसायचो. बायबलात पौलाने करिंथकरांना पत्रात लिहिलंय की कुणी जेवायला बोलावलं तर चौकशी न करता वाढलेलं खा. पण हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कुणी सांगितलं, तर खाऊ नका. आमचे पाळक पहिल्या वाक्यावर जोर देतात, आई दुसऱ्यावर. शेवटी मी समोरच्या वहिनींना सरळ सांगितलं. वाटलं, दुखावतील. त्या म्हणाल्या, "अगं, मग आधी बोलायचं नाही का? आम्हाला वाटायचं तुम्हाला आमची शिवाशिव आहे." आता त्या तळणीच्या मोदकांचा दुसरा घाणा नैवेद्याला न लावता आमच्यासाठी बाजूला ठेवतात. त्यांना अंडं चालत नाही, म्हणून नाताळला मी बिनअंड्याचा केक करते. तो दरवर्षी बसतो. त्या दरवर्षी छान म्हणतात.

कळवा_लोकल
2025 मध्ये राखेचा बुधवार, म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांच्या उपासकाळाचा पहिला दिवस, 5 मार्चला होता आणि रोजे तीनच दिवस आधी सुरू झालेले. ऑफिसात दुपारी डबा न उघडणारे दोघंच, मी आणि अकाउंट्समधला एकजण. त्याने विचारलं, "तुमच्यात पाणी चालतं?" चालतं म्हटल्यावर हसला, "मग कसला उपास!" तिथून दोस्ती.

नेरूळ
माझा फसलेला अनुभव. शेजारीण आजारी होती. भेटायला गेले ती पिशवीत धर्मप्रचाराचं पत्रक घेऊनच, निघताना उशाशी ठेवलं. पुढे दोन वर्षं ते दार माझ्यासाठी उघडलं नाही. माझ्या मनात कपट नव्हतं, पण आजारी माणसाला आपण सावज आहोत असं वाटलं असेल तर तिचं काय चुकलं?

आणि दुसऱ्यांचं कशाला, आपल्याच चर्चमध्ये मराठी एका बाकावर, मल्याळी दुसऱ्या. त्यात "तुम्ही आधीचे कोण?" हा प्रश्न मला हिंदूंपेक्षा ख्रिस्ती लोकांनीच जास्त विचारलाय.

टेंभीनाका
मी हिंदू, चालेल ना? आई गेली तेव्हा समोरच्या ख्रिस्ती वहिनी पिठलं-भात घेऊन आल्या. "सुतकात कांदा-लसूण चालत नसेल म्हणून घातला नाही," एवढंच बोलल्या आणि भांडी घासून गेल्या. पुढे त्यांचे सासरे वारले तेव्हा मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, गेलो. कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे कळेना, म्हणून पुढच्या गृहस्थांकडे बघून करत होतो. बाहेर आल्यावर समजलं, तेही आमच्याच सोसायटीतले जोशी.