देणगी आली आहे. सगळी पुस्तके स्कॅन करावीत का?

तालुकावाचक (प्रश्न)
आमच्या (शासनाच्या श्रेणीनुसार) 'क' वर्गाच्या वाचनालयाला एका माजी विद्यार्थ्याने देणगी देऊ केली असून ती 'वाचनालय डिजिटल करण्यासाठीच' वापरावी, अशी त्यांची अट आहे. संग्रह सुमारे साडेनऊ हजार पुस्तकांचा आहे. देवघेवीला येणारे सभासद बहुतेक साठीच्या पुढचे. मागच्या दालनात स्पर्धा परीक्षांची मुले सकाळी सातपासून बसतात, मात्र ती स्वतःची पुस्तके आणि मोबाइल घेऊन येतात व आमच्या कपाटांना हातही लावत नाहीत. सगळी जुनी पुस्तके स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवावीत, असे सचिवांचे मत आहे. ग्रंथपाल बाईंचे म्हणणे वेगळेच आहे, ते म्हणजे आधी तिसऱ्या कपाटावरची गळती थांबवा. पैसे नेमके कशावर खर्च करावेत?

निवृत्त ग्रंथपाल
सचिवांना प्रथम कायदा दाखवा. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क (कॉपीराइट) टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीनुसार ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडील छापील पुस्तकाची इलेक्ट्रॉनिक प्रत जतनासाठी ठेवता येते. परंतु जतन करणे वेगळे आणि हक्क शाबूत असलेली कादंबरी जगासाठी खुली करणे वेगळे. ज्यांचे हक्क संपले आहेत, त्यांतील बरीच पुस्तके आधीच स्कॅन झालेली आहेत. इंटरनेट अर्काइव्ह या मोफत डिजिटल ग्रंथालयावरची जुनी मराठी पुस्तके उघडून पाहा, कितीतरी पुस्तकांच्या सुरुवातीच्या पानांवर 'म. ग्रं. सं. ठाणे' (मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाणे) असा शिक्का दिसेल. १८९३ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेचा संग्रह आपण पुन्हा स्कॅन करण्यात काय हशील?

तुमच्याकडेच आहे आणि अन्यत्र नाही, असे काय आहे ते शोधा. स्थानिक साप्ताहिकांच्या फायली, गावच्या व्याख्यानमालेची पत्रके, शाळेची हस्तलिखिते, सोसायटीचे जुने अहवाल यांची दुसरी प्रत बहुधा कुठेच नसते. बाकी गळतीबाबत बाईंचे खरे आहे.

नोंदकार
वरील मताशी सहमत आहे, पण त्याआधी यादी करा. आमच्या वाचनालयाने पंधरा वर्षांपूर्वी एका मुलाकडून सगळी दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमांकवार नोंद) संगणकावर उतरवून घेतली होती. टंक (फॉन्ट) युनिकोड, म्हणजे कोणत्याही संगणकावर वाचता येईल असा, नव्हता. संगणक बदलल्यावर फाइल उघडली तर पुस्तकांच्या नावांच्या जागी रोमन अक्षरांचा गिचमिड काला दिसला आणि सारे काम पुन्हा पहिल्या दाखल क्रमांकापासून करावे लागले. त्यात एकाच लेखकाची नोंद कुठे आडनावाने, कुठे आद्याक्षरांनी, कुठे टोपणनावाने झालेली, म्हणजे शोधणाऱ्याला निम्मी पुस्तके सापडणारच नाहीत. ई-ग्रंथालय किंवा कोहा यांपैकी ग्रंथालयासाठीची कोणतीही संगणक प्रणाली घ्या. लेखकाचे नाव कसे लिहायचे, याचा नियम मात्र पहिल्याच दिवशी ठरवून भिंतीवर लावा. यादी मोबाइलवर दिसू लागल्यानंतर आमच्याकडे पुण्यातला मुलगा गावातल्या आईसाठी पुस्तक राखून ठेवायला फोन करू लागला.

अभ्यासिकेतला
मी अशाच दालनात तीन वर्षे बसलो आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. आम्हाला वाचनालयाकडून कथा-कादंबऱ्या नको होत्या. शांतता, न जाणारी वीज, चालू वर्षाचे संदर्भ आणि अर्ज भरताना छायाचित्राचा आकार कमी करून देणारे कोणीतरी हवे होते. ते काम ग्रंथपाल बाईच करत आणि नोव्हेंबरात पेन्शनरांचे हयातीचे दाखलेही त्याच भरून देत. या कामाची नोंद कुठल्याच अहवालात होत नाही. २०२२ मध्ये वाचनालयांचे सरकारी अनुदान ६० टक्क्यांनी वाढले हे खरे, पण त्यातूनच सेवकांचे मानधन आणि पुस्तकेही भागवायची असतात. देणगीदाराला विचारून त्यातील काही रक्कम बाईंच्या प्रशिक्षणासाठी आणि एका चांगल्या प्रिंटरसाठी ठेवता आली, तर तेही 'डिजिटल' धरायला हरकत नसावी.

तालुकावाचक
सर्वांचे आभार. देणगीदारांशी फोनवर बोललो. यादी आणि प्रशिक्षण त्यांना मान्य आहे, गळती मात्र कार्यकारिणीने स्वतःच्या पैशांनी काढावी, असे ते म्हणाले. काल तिसरे कपाट रिकामे करताना तळाशी व्याख्यानमालेच्या कार्यक्रमपत्रिकांचा सुतळीने बांधलेला गठ्ठा निघाला. वरच्या चार-पाच पत्रिका ओल लागून एकमेकींना चिकटल्या आहेत. त्या न फाटता कशा सुट्या करायच्या, हे कोणास ठाऊक असल्यास कृपया कळवावे. तोवर गठ्ठा पंख्याखाली ठेवला आहे.